चाळीतली लाल गाडी

लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा चिमटा गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, मग चार्जरवरचं बटण. आधी लाल दिवा लागतो, बॅटरी भरली की हिरवा. काम एवढंच. पण ते करण्याआधी मी चाळीच्या दोन्ही तोंडांना जाऊन बघायची, कोणी उभं नाही ना. चाळ आमची, लाइट आमची, गाडीही आमचीच. तरी मी चोरासारखी वावरायची. कारण ती गाडी लग्नात माझ्याबरोबर द्यायची होती, आणि मला घेऊन जाणारं कोणी मिळत नव्हतं.

चाळ म्हणजे कांद्याची चाळ. सायखेड्यापासून जवळच आमची वस्ती. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांच्या आत कांद्याचे ढीग, वर पत्रा, आणि मधून ट्रॅक्टर शिरेल एवढी वाट. त्या वाटेत, ताडपत्रीखाली, ती लाल, बुटकी, कापडी छपराची, दोन माणसांची गाडी उभी असायची. स्पोर्ट्स कार. आमच्या भागात तेव्हा लोक जीपच्या मागच्या बंपरवर उभे राहून बाजाराला जात, आणि आमच्याकडे ही. मागे सीटच नाही. बायका म्हणायच्या, "नवरा-नवरी बसले, करवली कुठं बसंल? आन् सासूला काय टपावर बांधायचं?" टपही कापडाचा होता, पण ते कोण सांगणार.

ती आली कशी, ते सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आणि गावाजवळच्या हायस्कुलात शिकवायला लागले. मी एकुलती एक. माझं लग्न पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाशी ठरलं. बैठक आमच्या ओसरीवर झाली. बायका आत, पुरुष बाहेर, तसा रिवाजच होता. बैठक उठल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आत आले आणि आईला म्हणाले, "गाडी मागितली त्यांनी. त्या पोराला ती दोन माणसांची लाल गाडी लय आवडती म्हने." आई म्हणाली, "हुंडा नको म्हणत व्हते ना?" आप्पा म्हणाले, "हुंडा कुठं हाय हा? हौस हाय."

गाडी बुक झाली. पत्रिका छापून झाल्या, निम्म्या वाटूनही झाल्या, तेव्हा कळलं की मुलानं पुण्यातच परस्पर लग्न उरकलंय. सगळीकडे निरोप गेले. आई आठ दिवस देवघरासमोरून उठली नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी आली. ट्रकवरून.

गाव गोळा झालं. मी खिडकीच्या गजांआडून बघत होते. ट्रकवाला परमुलखातला. त्याला काय माहीत. त्यानं फळ्या लावून गाडी खाली उतरवली, फडक्यानं पुसली, आणि हसत सगळ्यांकडे बघून विचारलं, "अरे, दूल्हे राजा किधर है? चाबी उन्हीं के हाथ में दूँगा!"

कुणीतरी पोरगं फिदीफिदी हसलं आणि त्याला टपली बसली. आप्पांनी पुढे होऊन चावी घेतली, ट्रकवाल्याला चहा पाजला, नारळ फोडला, सगळं रीतसर केलं. मी गजांना कपाळ टेकून उभी होते. मला वाटलं होतं, लग्न मोडलं त्या दिवशी जी लाज वाटली ती शेवटची. ती तर सुरुवात होती.

गाडी विकून टाका, असं मामा म्हणाला, आईही म्हणाली. आप्पांनी ऐकलं नाही. "विकली म्हंजे पोरीचं आवरलं, आता काय व्हनार नाय, असं आपनच दवंडी पिटल्यासारखं व्हईल. राहू दे. दुसरा मुलगा बघू. गाडी तर तयारच हाय." आणि ती चाळीत गेली. दुसरीकडे एवढा मोठा, पाऊस न लागणारा आडोसा नव्हता.

पहिले पाहुणे विंचूरकडून आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या काकांनी मला उंची विचारली आणि सांगूनही उभं राहायला लावलं. मी उंच आहे. बसले की कळत नाही, उभी राहिले की लोकांचे चेहरे बदलतात. ते बदलले तसे आप्पा घाईनं म्हणाले, "चला, गाडी दाखवतो."

ताडपत्री निघाली. मुलगा आत बसला, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. कित्येक महिने नुसती उभी होती, बॅटरी पार उतरली होती. आप्पांना घाम फुटला. "ढकला जरा, व्हईल चालू." आमचे दोन गडी, आप्पा आणि कडक इस्त्रीतले ते काका, असे चौघं गाडी ढकलायला लागले. चाळीत कांद्याचा पाला पायाखाली घोट्यापर्यंत. काकांचा पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत पाल्यानं भरला. गाडी चाळीबाहेर आली, उन्हात उभी राहिली, आणि गप्पच. काका पाला झटकत म्हणाले, "लय दिवस ठेवली की खराब व्हतीच. कोनतीबी वस्तू." ते गाडीबद्दलच बोलत होते, पण आईनं मान खाली घातली आणि मी ट्रे घेऊन आत पळाले. त्यांच्याकडून होकारही आला नाही, नकारही आला नाही. काहीच आलं नाही.

मग मामाच्या मुलानं ते यंत्र आणलं. तो बोटीवर होता. कुठल्याशा बंदरातून त्यानं खोकं आणलं, हाताच्या पंजाएवढं, त्याला दोन वायरी आणि दोन चिमटे. बाहेरच्या देशांत म्हणे लोक हिवाळाभर गाडी बंद ठेवतात आणि हे लावून ठेवतात. बॅटरी उतरूच देत नाही, भरली की आपोआप थांबतं. आप्पा त्या दिवशी इतके खूश झाले, की मला त्यांची दयाच आली. मग त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं.

"हे तूच कर. तुझ्या शिक्षनातलंच हाय. मला लाल-काळा कळत नाय."

ते खरं होतं. आप्पांना रंग नीट दिसत नाहीत. लाल त्यांना काळपट दिसतो. टोमॅटो पिकला की नाही, हे ते चेपून ओळखायचे. एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी लाल आहे हेही त्यांना लोकांनी सांगितलेलं. गडी माणसांवर त्यांचा भरवसा नव्हता. उरले मी.

तर माझ्या लग्नाची गाडी मी माझ्या हातानं चालू ठेवायची. वर्गात मी पोरांना विद्युतधारा शिकवायची आणि घरी येऊन ती अशी वापरायची.

पुढच्या वर्षांत भारनियमन वाढलं. लाइट कधी यायची, कधी जायची, पत्ता नसायचा. आणि त्या यंत्राची खोड अशी, की लाइट जाऊन परत आली की आपणहून सुरू व्हायचं नाही, त्याचं बटण पुन्हा दाबायला लागायचं. लाइट आली की वस्तीवरच्या बायका दळण घेऊन गिरणीकडे धावायच्या आणि मी चाळीकडे. वाटेत एखादी म्हणायचीच, "काय बाई, सवतीला खाऊ घालायला चालली का?" मी हसायची. हसायला लागायचं. न हसता निघून गेलं की दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा. आत जाऊन बटण दाबायची, लाल दिवा लागायचा, आणि मी कांद्याच्या वासात उभी राहून मनातल्या मनात त्या गाडीला इतक्या शिव्या द्यायची की माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकल्या असत्या तर शाळा सोडली असती.

गाडी मात्र आता चावी फिरवली की चालू व्हायची. आप्पांची छाती फुगायची. पाहुणे येत राहिले. आणि एक नवीन पद्धत पडून गेली. मुला-मुलीला थोडं एकांतात बोलू द्यावं, असं तोवर आमच्याकडेही रूढ झालं होतं. घरात एकांत कुठला, दारामागे चार बायका कान लावून. तेव्हा आप्पाच म्हणाले, "गाडीत बसा की. दोनच तर शिटा हायत."

म्हणून मी त्या गाडीत, कांद्याच्या दोन ढिगांमध्ये, अनोळखी मुलांशेजारी बसले. किती जणांशेजारी, ते मोजायचं नाही असं मी ठरवलं होतं. मुलगा नेहमी स्टिअरिंगच्या बाजूला. एकानं सगळा वेळ छप्पर उघडबंद करण्यात घालवला. एकानं विचारलं, ॲव्हरेज किती देते. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, तुमच्या वडिलांना विचारतो. एकानं माझं नाव दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याचं लक्ष रेडिओच्या बटणात होतं. मी मांडीवर हात ठेवून बसायची आणि बॉनेटच्या फटीतून बाहेर आलेली ती वायर बघायची. आपण दोघीही चार्जिंगला लावलेल्या, असं वाटायचं, आणि असं वाटतंय याचीच शरम वाटायची. शिकलेली बाई मी. पगार घेणारी. उठून का जात नव्हते? कारण बाहेर आप्पा उभे असायचे, चावी चालली म्हणून हसत.

एवढं करूनही जमत नव्हतं. कोणाला गाडी आवडायची आणि मी उंच वाटायची. कोणाला दोन्ही चालायचं, पण कुठूनतरी कानावर जायचं की गाडी आधीच्या नवऱ्या मुलासाठी आणलेली, मग ते पाय मागे घ्यायचे. गाडी जुनी होत होती. तिच्या सीटांना आता कायमचा कांद्याचा वास बसला होता.

मग घोटीचे आले. मुलगा ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचा. घरची भाताची शेती, वडील नव्हते, आई आणि मामा बरोबर. माझ्यापेक्षा जरासा बुटकाच. मी उभी राहिले तेव्हा त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला नाही, हे मी टिपलं.

नेहमीप्रमाणे आम्हाला गाडीत बसवलं. तो स्टिअरिंगकडे गेला, थांबला आणि म्हणाला, "तुमची गाडी आहे, तुम्ही बसा ना इकडे." मी म्हटलं, "मला चालवता येत नाही." तो म्हणाला, "मलाही नाही." मग आम्ही उगीच दोघंही उभे राहिलो, आणि शेवटी मीच त्या बाजूला बसले. इतकी वर्षं ती गाडी जपली, पण त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होते. पाय पुरेपूर लांब करता आले.

तो काही फार बोलला नाही. मी काय शिकवते, पोरं ऐकतात का, असलं काहीतरी. मग वायरकडे बोट करून विचारलं, हे काय. मी सांगितलं. कोण लावतं? मी, म्हटलं. तो वायरीवरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागला. मला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळल्या. आजवर कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे हे कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तो सरळ आप्पांना म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे. गाडी मात्र नको. आमच्या गल्लीत ती शिरणारही नाही, आणि शिरली तरी मला नको." त्याचा मामा खोकला. त्याची आई मात्र होकारार्थी मान हलवत होती. म्हणजे घरून ठरवून आले होते.

मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं. मला इतका आनंद झाला होता की तो दिसेल याचीच भीती वाटत होती.

पाहुणे गेले. आप्पा ओसरीवर बसून होते, टोपी मांडीवर. आई म्हणाली, "झालं बाई एकदाचं." आप्पा म्हणाले, "कसलं झालं? गाडी नको म्हंतो."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? आजपत्तुर कोनी नको म्हनलं का? फुकट कोन नेतं? त्या पोरात काय तरी खोट हाय. आजारबिजार असंल."

मी दाराआड होते. फुकट कोण नेतं. आप्पा हे चिडून म्हणाले नव्हते. एखाद्या व्यापाऱ्यानं भाव पाडला तर ते चिडायचे. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं. दुसऱ्या दिवशी घोटीला निरोप गेला की पत्रिका जमत नाही. पत्रिका कोणी उघडलीही नव्हती.

मी आप्पांशी भांडले नाही. फक्त यंत्राचे चिमटे काढले, वायर गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली. लाइट आली की घरातच बसून राहायची.

काही दिवसांनी शाळेतून आले तर आप्पा घरात नव्हते. चाळीत गेले. बॉनेट उघडं, आप्पा वाकलेले, एकेका हातात एकेक चिमटा. दोन्ही चिमटे डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, उन्हाच्या तिरिपेत धरत होते. मग त्यांनी अंदाजानं लावले आणि बटण दाबलं. उलटे लागले होते. लाल दिवा भराभर उघडझाप करायला लागला.

माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "हिरवा लागला का गं?"

"नाही."

"का बरं?"

"उलटं लावलंय तुम्ही. आणि आप्पा, मी आता लावणार नाही. कधीच नाही."

मला वाटलं, ओरडतील. ते चाळीच्या पट्टीला टेकून खालीच बसले, पाल्यात. "मग तुला न्यायला कोन येईल?"

खरंच विचारत होते. उत्तर हवं होतं त्यांना. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "घोटीचा आला होता की. तुम्हीच घालवला. पहिल्या वेळी त्या लोकांनी गाडी मागितली, त्यांचं पाप तुम्ही इतकी वर्षं मला वाहायला लावता."

दिवा उघडझाप करतच होता.

"त्यांनी नव्हती मागितली," ते म्हणाले.

"काय?"

"बैठकीत ते काय बी मागत नव्हते. तो पोरगा नुसता म्हनला, मला ती लाल गाडी आवडती. बोलता बोलता. आन् मी म्हनलो, देतो. कोनी काय म्हनायच्या आधीच." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तू उंच. फटकळ. शिकलेली, म्हंजे ऐकनार नाय. मला भ्या वाटलं, ते उठून जातील. आन् घरात सांगायला लाज वाटली. म्हनून म्हनलो, त्यांनी मागितली."

इतकी वर्षं मी त्या पुण्याच्या लोकांना शिव्या घातल्या होत्या. भाव करणारे ते, असं मानत होते. भाव आमच्याच ओसरीवर, माझ्या बापानं, कोणी न विचारता सांगितला होता, आणि तोही मी कमी पडते असं धरून. मला त्यांची लाज वाटली. मग माझी वाटली. मग ते पाल्यात बसलेले दिसले, टोपीला कांद्याचा पाला लागलेला, आणि कोणाची लाज वाटावी तेच कळेना.

मी चिमटे काढले. दिवा विझला. आप्पा म्हणाले, "मी उद्या घोटीला जाऊन येतो."

"गाडीचं नाव काढू नका."

"नाय काढत."

सकाळी ते धुतलेली टोपी घालून एसटीनं गेले. मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. संध्याकाळी आले तेव्हा आईनं पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. आईनं विचारलं, काय म्हणाले? आप्पांनी आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"पोरगा चांगला हाय. माझा मान ठेवला. पत्रिकेचं खोटं व्हतं हे मी सांगून टाकलं. तर तो म्हनला, त्याचा राग नाय. पन तुमच्या मुलीचं काय म्हननं हाय?" आप्पांनी तांब्या खाली ठेवला. "मला सांगता येईना. इतकी पोरं आली, गेली. मी तुला कधी विचारलंच नाय. तिथं त्या मानसांम्होरं मला लय लाज वाटली. सांग आता. तुला काय पायजे?"

मी तोंड उघडलं. होय म्हणायचं होतं, मला वाटतं. पण ते बाहेर येईना. कारण इतकी वर्षं मीही स्वतःला विचारलं नव्हतं. गाडी चालू होते की नाही, एवढंच बघत राहिले होते, सगळ्यांसारखी. आप्पा आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी फळ्यासमोर उत्तर न येणाऱ्या पोरीसारखी उभी.

"मला जरा वेळ द्या," मी म्हटलं.

आप्पांनी मान हलवली. "घे," ते म्हणाले. "आता थोडीच ती गाडी चालू ठेवायची हाय."